व्हिडिओ कॉलवरून लहान मुलांचं गणित अभ्यासताना: तयारीपासून नोंदीपर्यंत

पाच वर्षांची एक मुलगी टेबलावरची आठ बटणं मोजत होती. रेकॉर्डिंगमध्ये आम्हाला ऐकू आलं ते असं: "एक, दोन, तीन... पाच, सहा, सात, आठ." आम्ही नोंद केली, 'चार गाळला, बोट मात्र आठही बटणांवरून फिरलं'. या एका नोंदीवर आमच्या बैठकीत बराच वेळ खल झाला. काही दिवसांनी तिच्या आईने हौसेने स्वतःच्या फोनवर केलेलं चित्रण पाठवलं, तर त्यात 'चार' खणखणीत होता. नेमक्या त्या क्षणी मी कॉलवर "वा!" म्हणाले होते आणि अॅपने माझ्या आवाजाला वाट देताना तिचा आवाज दाबला होता. चूक माझी, मांडली गेली तिच्या खात्यावर.

व्हिडिओ कॉलवरून मुलांचं गणित अभ्यासणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त हेच होतं. कॉल तुटला तर निदान कळतं तरी. न तुटलेल्या कॉलमध्ये जे हरवतं, ते मुलाचं अज्ञान म्हणून तक्त्यात जाऊन बसतं. म्हणून पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. साधारण तीन ते सात वर्षांचं एक मूल, त्याच्या घरी एक पालक आणि पलीकडे तुम्ही, अशी मांडणी इथे गृहीत धरली आहे.

## १. आधी प्रश्न चाळून घ्या

पहिल्यांदा अॅप उघडू नका, कागद घ्या. तुम्हाला मुलाबद्दल जे जाणून घ्यायचं आहे ते कॉलवर दिसू शकतं का, हे कृतीनिहाय ठरवा.

मोठ्याने मोजणं, सांगितलेल्या संख्येएवढ्या वस्तू वेगळ्या काढणं, दोन ढिगांत जास्त कुठे ते सांगणं, वस्तू हलवून बेरीज-वजाबाकीचं गोष्टीरूप उदाहरण सोडवणं, कागदावर आकडे किंवा आकार काढणं आणि 'तुला कसं कळलं?' याचं उत्तर देणं, एवढं सगळं कॉलवर नीट जमतं.

उत्तराला किती वेळ लागला हे मात्र कॉलवर मोजायला जाऊ नका. सहज संवादासाठी एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब चालतो, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. घरच्या जोडणीत हा विलंब दर मिनिटाला वरखाली होतो. त्यामुळे 'हे मूल त्या मुलापेक्षा अर्ध्या सेकंदाने लवकर बोललं' या वाक्याला कॉलवर काही अर्थ उरत नाही. न मोजता एका नजरेत ओळखायच्या ठिपक्यांचंही तसंच. तुम्ही स्लाइड एक सेकंद दाखवलीत म्हणून पलीकडे ती एकच सेकंद दिसली असेल असं नाही. मध्येच चित्र गोठलं, तर मुलाला निवांत मोजायला वेळ मिळतो. ठिपके ठरावीक वेळच दाखवायचे असतील, तर ते मुलाच्या उपकरणावरच चालणाऱ्या पानातून दाखवा. कॉल फक्त निरीक्षणाला ठेवा.

तीन वर्षांखालच्या मुलांबाबत माझं मत थोडं कडक आहे. २०१४ साली रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दाखवलं की २४ ते ३० महिन्यांची मुलं प्रतिसाद देणाऱ्या माणसाशी व्हिडिओ चॅटवर बोलून नवी क्रियापदं शिकतात, नुसत्या रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकत नाहीत. पडद्यापलीकडच्या माणसाशी नातं जुळतं, एवढं यातून नक्की कळतं. पण त्या वयात वस्तू मांडणं, गोळा करणं, मूल टेबलावरून उतरलं की परत आणणं हे सगळं पालकच करतात. मग आपण नक्की कुणाचा अभ्यास करतोय हा प्रश्न उरतोच.

तपासा: प्रत्येक कृतीपुढे लिहा, 'उत्तर मला दिसणार की ऐकू येणार?' ज्या कृतीचं उत्तर फक्त ऐकूनच कळणार आहे तिला दिसणारी जोड द्या: बोटं दाखव, कागदावर लिही, वाटीत ठेव.

## २. परवानगी, आणि ती एकदाच नाही

संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि पालकांची लेखी संमती तुम्ही घेणारच. कॉलमुळे त्यात तीन गोष्टी वाढतात.

पहिली, घर दिसतं. भिंतीवरचे फोटो, मागून जाणारी माणसं, कुणाचं तरी फोनवरचं बोलणं. संमतिपत्रात हे सरळ शब्दांत लिहा आणि कॅमेरा कुठे रोखायचा ते पालकांना ठरवू द्या. दुसरी, रेकॉर्डिंग कुठे साठणार, कोण पाहणार आणि कधी पुसलं जाणार. 'सुरक्षित ठेवू' एवढं पुरत नाही. तिसरी, मुलाचा स्वतःचा होकार. तो सत्राच्या सुरुवातीला मुलाला कळेल अशा भाषेत घ्या: "मी तुला मोजायचे खेळ देणार आहे. कंटाळा आला की 'बास' म्हण, आपण थांबू."

आता एक अडचण अशी की कॉलवर बरीच मुलं 'बास' म्हणत नाहीत, उठून जातात. काही लॅपटॉप मिटवतात. हा नकारच आहे. पालक "अरे, ताई बोलावतेय ना!" म्हणत मुलाला खेचून आणायला लागले की तुम्हीच थांबवा. संमतीचं बोलणं रेकॉर्ड करत असाल तर त्याची फाइल वेगळी ठेवा, कारण त्यात नाव असतं.

## ३. साहित्य मुलाच्या हातात हवं

पडद्यावर चित्रं दाखवून "किती ते सांग" एवढ्यावर अभ्यास उरकू नका. मूल हाताने मोजतं. वस्तू सरकवतं, झाकतं, एक बाजूला काढतं, त्यातच त्याची रीत दिसते. साहित्य आठवडाभर आधी पाठवा किंवा घरातलं गोळा करायला सांगा:

- एकाच रंगाची, एकाच आकाराची १५ बटणं किंवा बाटलीची झाकणं, आणि शिवाय दोन जादा
- एक पसरट, उथळ वाटी (खोल वाटीतलं कॅमेऱ्याला दिसत नाही)
- गडद रंगाचा, न चकाकणारा कापडाचा किंवा कागदाचा चौकोन
- कोरे कागद आणि जाड टोकाचं स्केच पेन

पेन्सिल नको, रेघ इतकी फिकट येते की रेकॉर्डिंगमध्ये कागद कोराच दिसतो. रंगीबेरंगी मणीही नकोत. "पाच दे" म्हटल्यावर मूल पाच लाल मणी शोधत बसतं आणि आपण समजतो की ते अडलं. खाऊ तर अजिबात नको, मोजायच्या आत संपतो.

गडद चौकोनाचं काम दुहेरी आहे. त्यावर पांढरी बटणं उठून दिसतात आणि 'खेळ या चौकोनातच' अशी हद्द आखली जाते. हद्द नसली की वस्तू हळूहळू कॅमेऱ्याबाहेर सरकतात.

इशारा: घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बटणं पाठवू नका, गिळली जातात. त्याऐवजी मोठी झाकणं वापरा.

## ४. दोन कॅमेरे आणि पाच सेटिंग

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ घेतो आणि बहुतेक जण तोच आटोपता घेतात.

एका लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात मुलाचा चेहरा येतो आणि टेबलाची कड येते. बटणं त्या कडेच्या खाली असतात. चार वर्षांच्या एका मुलाचं सबंध सत्र माझ्याकडे आहे, त्यात त्याचं कोपर फार सुंदर दिसतं. वाटीत किती बटणं गेली ते देवाला ठाऊक.

म्हणून दोन उपकरणं लावा. समोर लॅपटॉप किंवा टॅब्लेट, चेहरा आणि बोलण्यासाठी. बाजूला पुस्तकांच्या चळतीवर टेकवलेला किंवा स्टँडला लावलेला फोन, टेबलाकडे साधारण ४५ अंशांत झुकलेला, त्यात गडद चौकोन पूर्ण यावा. फोन अगदी डोक्यावर धरला तर मूल पुढे वाकताच त्याचं डोकं सगळं झाकतं. बाजू निवडताना मूल कुठला हात वापरतं ते विचारा आणि फोन दुसऱ्या बाजूला ठेवा.

फोन त्याच कॉलला जोडायचा, पण आवाजाशिवाय. माइक बंद करणं पुरेसं नाही, त्याचा स्पीकरही बंद हवा. नाहीतर दोन्ही उपकरणांचे आवाज एकमेकांत फिरून शिट्टी वाजते. झूममध्ये जोडतानाच आवाजाला न जोडण्याचा पर्याय असतो, तो घ्या. आणि फोनवर 'व्यत्यय नको' लावायला विसरू नका, कॉल आला की टेबलाचं चित्र गोठतं.

आता सेटिंग. यातली पहिली तीन मुलाकडच्या उपकरणावर बदलायची आहेत. आपल्याकडे बदलून काही होत नाही, हे फार जणांना उशिरा कळतं.

आवाजाची सफाई बंद. कॉलची अॅप्स बोलण्याखेरीज जे ऐकू येतं त्याला गोंगाट समजून गाळतात. बटण टेबलावर ठेवल्याचा टक् असा आवाज त्यातच जातो. मूल ओठांतल्या ओठांत मोजतं तेही जातं. आपल्या कामाचं तर तेच असतं! झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. इतर अॅपमध्ये गोंगाट कमी करण्याचा पर्याय शोधून तो बंद करा.

पार्श्वभूमी धूसर करणं बंद. वर धरलेली बोटं आणि उंचावून दाखवलेला कागद यांना अॅप पार्श्वभूमी समजतं आणि पुसून टाकतं. मुलाने चार बोटं दाखवावीत आणि आपल्याला दोन दिसावीत, हे यातूनच होतं.

आरसा तपासणं. स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, समोरच्याला जाणारं सहसा सुलट असतं. 'सहसा' या शब्दावर विसंबू नका. तालमीत पालकांना छापील अक्षरांचं पान दोन्ही कॅमेऱ्यांपुढे धरायला सांगा आणि ते *रेकॉर्डिंगमध्ये* वाचून पाहा. हे केलं नाही, तर मुलाने ३ उलटा काढला की कॅमेऱ्याने उलटवला हे नंतर कधीच ठरवता येत नाही.

रेकॉर्डिंगची मांडणी. बोलणाऱ्याला मोठं दाखवणारी मांडणी घेतली, तर तुम्ही प्रश्न विचारताना फाइलमध्ये तुमचाच चेहरा येतो आणि त्याच वेळी मुलाने केलेली हालचाल जाते. सगळी चित्रं शेजारी-शेजारी येतील अशी मांडणी ठेवा. झूममध्ये पिन केलेलं, म्हणजे आपण निवडून मोठं ठेवलेलं, चित्र तुमच्या संगणकावरच्या रेकॉर्डिंगमध्ये येतं, क्लाउडवरच्या रेकॉर्डिंगवर त्याचा परिणाम होत नाही. दोन्हीची एकेक चाचणी फाइल काढून पाहा.

प्रत्येकाचा आवाज वेगळा. संगणकावर रेकॉर्ड करताना प्रत्येक सहभागीची वेगळी ध्वनिफीत साठवण्याचा पर्याय झूममध्ये आहे. तो आधीपासून चालू नसतो. लावून ठेवा, बोलणं लिहून काढताना फार उपयोग होतो.

फुकटच्या खात्यावर झूमची बैठक ४० मिनिटांत संपते. तुमचं सत्र तेवढं लांबणार नाही, पण पालकांशी बोलणं आणि जोडाजोडी धरली तर वेळ भरतो. म्हणून सत्र नव्या दुव्यावर सुरू करा.

तपासा: उजेड मुलाच्या समोरून यावा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो आणि ओठ दिसत नाहीत.

## ५. पालकांना काम द्या

"तुम्ही काही बोलू नका" असं सांगितलेले पालक हमखास बोलतात. न बोलले तर मान हलवतात, भुवया उंचावतात, वाटीकडे बघतात. यात त्यांचा दोष नाही, आपलं मूल अडलेलं पाहून गप्प बसणं अवघड असतं.

त्यांना नेमकं काम सोपवा. प्रत्येक कृतीनंतर बटणं पुन्हा ढिगात लावायची, कागद बदलायचा, फोन हलला तर सरळ करायचा. बसायची जागा मुलाच्या मागे आणि किंचित बाजूला, म्हणजे मुलाला त्यांचा चेहरा दिसत नाही पण आपल्याला दिसतो. पडद्यात स्वतःचंच चित्र दिसलं तर मूल त्यातून आईचा चेहरा वाचतं, म्हणून स्वतःचं चित्र लपवण्याचा पर्याय मुलाकडच्या उपकरणावर लावा.

मग हे वाक्य जसंच्या तसं सांगा: "तो चुकला तर आमचं काम होतं, कारण तो कसा विचार करतो ते चुकीतूनच दिसतं. तुम्ही मदत केलीत तर ते आमच्यापासून लपतं." शिवाय मूल वळून "आई, बरोबर आहे का?" विचारेल तेव्हा काय म्हणायचं तेही द्या: "तुला काय वाटतं ते ताईंना सांग."

## ६. तालीम, मुलाशिवाय

प्रत्यक्ष सत्राच्या एक-दोन दिवस आधी पालकांसोबत दहा मिनिटांचा कॉल करा. मूल शक्यतो तिथे नको, नाहीतर त्याचा खेळ त्याच दिवशी संपतो. त्याच जागी, त्याच उपकरणांवर, दिवसाच्या त्याच वेळी. पालकांना आठ बटणं मांडून मोठ्याने मोजायला सांगा, छापील पान धरायला सांगा, मग शेवटची पाच कुजबुजत मोजायला सांगा. कॉल संपला की फाइल उघडून ऐका. कुजबुज ऐकू आली नाही तर सेटिंग क्रमांक एकवर परत.

ही तालीम वगळणाऱ्यांना मी फक्त एवढंच विचारते: पहिली चार सत्रं टाकून द्यायची तयारी आहे ना?

## ७. प्रत्यक्ष सत्र

चार वर्षांच्या मुलाला बारा ते पंधरा मिनिटं, सहा-सात वर्षांच्या मुलाला वीस-पंचवीस. यापुढे मिळणारी उत्तरं थकव्याची असतात.

सुरुवात टाळ्यांनी. दोन्ही कॅमेऱ्यांना दिसतील अशा तीन टाळ्या मुलाला वाजवायला सांगा. त्याला खेळ वाटतो, आपल्याला दोन चित्रं आणि आवाज जुळवायची खूण मिळते. एकाच फाइलमध्ये असली तरी दोन उपकरणांची चित्रं वेगवेगळ्या विलंबाने आलेली असतात.

मग एक सोपी कृती, ज्यात प्रत्येक मुलाला यश येईल: "एक बटण वाटीत टाक." कॉल, वाटी आणि सूचना या तिन्हींची ही चाचणीच आहे.

मुख्य कृती. उदाहरण म्हणून 'सांगितलेल्या संख्येएवढं दे' ही कृती घेऊ. करेन विन यांनी १९९० आणि १९९२ च्या अभ्यासांत ती वापरली आणि आज ती सर्रास चालते. ढिगातून तीन बटणं वाटीत ठेवायला सांगा. जमलं तर एकाने वाढवा, नाही जमलं तर एकाने कमी करा. एखादी संख्या तीनपैकी दोनदा बरोबर आणि तिच्या पुढची तीनपैकी दोनदा चूक, म्हणजे मूल तिथवर पोचलं आहे. सहा जमले की थांबा.

समोरासमोर असताना आपण वाटी जवळ ओढून पाहतो. कॉलवर त्याची सोय आधीच करावी लागते. वाटीत टाकून झालं की म्हणा, "आता वाटी चौकोनावर उपडी कर आणि बटणं पसर." मग मोजायला सांगा. पसरलेली बटणं फोनच्या चित्रात स्पष्ट येतात, मुलाला स्वतःचं उत्तर सुधारायची संधीही मिळते. आधीचं आणि सुधारलेलं, दोन्ही उत्तरं नोंदवा.

मूल मोजत असताना तुम्ही म्यूट. 'हं', 'छान', 'वा' काहीही नाही. हसरा चेहरा आणि मान पुरे. मोजून झाल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, मग म्यूट काढा. ही शांतता सुरुवातीला खायला उठते. पण मुलांचं खरं बोलणं बऱ्याचदा त्याच शांततेत येतं: "थांब, हे मी दोनदा मोजलं."

कौतुक उत्तराचं नको. बरोबर उत्तरालाच 'शाब्बास' मिळाली की दोन फेऱ्यांत मूल तुमचा चेहरा वाचायला लागतं. "तू नीट लक्ष देऊन करतोयस" हे बरोबर-चूक दोन्हीला सारखंच म्हणता येतं.

ऐकू आलं नाही तर? मराठी संख्यानामं कॉलवर फार दगा देतात. 'सात', 'साठ' आणि 'आठ' यांत फरक एकेका व्यंजनाचा, आणि दाबलेल्या आवाजात नेमकं तेच झिजतं. 'सतरा' आणि 'सत्तर' तसेच. 'एकोणतीस' आणि 'एकोणचाळीस' यांची सुरुवात सारखी, शेपूट तुटलं की ओळख संपली.

अशा वेळी "सात?" असं विचारू नका. मुलाला तो शेरा वाटतो आणि ते उत्तर बदलतं. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की मुलं उत्तर फिरवतात, हे रोझ आणि ब्लँक यांनी १९७४ मध्ये संख्येच्याच कृतीवर दाखवलं होतं. दोष इंटरनेटवर ढकला: "माझ्याकडे आवाज तुटला. परत सांगशील? आणि बोटांनीही दाखव." मोठी संख्या असेल तर लिहून दाखवायला सांगा. मात्र लिहिलेला आकडा वेगळा पुरावा म्हणून धरा. मराठीत एकक आधी ऐकू येतो, त्यामुळे 'बावन्न' म्हणणारं मूल २५ लिहू शकतं. त्याचं बोलणं बरोबर असतं, लिहिणं अजून व्हायचं असतं.

"हे!" मूल पडद्यावरच्या चित्राला बोट लावतं आणि म्हणतं, "हे जास्त आहेत." आपल्याला दिसतं फक्त कॅमेऱ्याकडे येणारं बोट. पडद्यावर पर्याय दाखवताना प्रत्येकाला नाव द्या: निळा डबा, पिवळा डबा. एक, दोन किंवा अ, ब अशी नावं गणिताच्या कृतीत नकोत, संख्या संख्येत मिसळतात. डावा-उजवाही नको.

'कसं कळलं?' हा प्रश्न बरोबर आणि चूक, दोन्ही उत्तरांनंतर विचारा. फक्त चुकीनंतर विचारलात तर मूल दुसऱ्याच फेरीत शहाणं होतं. उत्तर आलं नाही तर "मला करून दाखव" म्हणा. लहान मुलांना रीत शब्दांत पकडता येत नाही, हाताने दाखवता येते.

इशारा: कॉल मध्येच तुटला तर जोडल्यावर तीच संख्या लगेच विचारू नका. मधल्या वेळात घरी काय बोलणं झालं ते आपल्याला ठाऊक नाही. एक वेगळी सोपी कृती मध्ये घाला आणि नोंदीत 'तुटल्यानंतर' अशी खूण करा.

## ८. कॉल संपल्यावरचा अर्धा तास

हा अर्धा तास वेळापत्रकातच राखून ठेवा, पाठोपाठ सत्रं लावू नका. फाइल उघडते का, दोन्ही चित्रं आहेत का, आवाज आहे का ते पाहा. नाव बदलून सांकेतिक क्रमांक द्या. नाव आणि क्रमांक यांची यादी वेगळ्या, कुलूपबंद ठिकाणी. फाइल कूटबद्ध साठवणीत हलवा आणि मग क्लाउडवरची व डाउनलोडच्या फोल्डरमधली प्रत पुसा. ही डाउनलोडमधली प्रत सगळेच विसरतात.

मग आठवेल ते लिहा: कुठे आवाज तुटला, पालक कधी बोलले, मूल कधी कंटाळलं. दुसऱ्या दिवशी यातलं निम्मंही आठवत नाही.

## ९. नोंद: रकाने वेगळे ठेवा

नायमेखनच्या माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेचं ईलॅन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात दोन चित्रफिती शेजारी ठेवून टाळीवर जुळवता येतात आणि प्रत्येक गोष्टीला वेगळी ओळ देता येते. साध्या तक्त्यातही काम होतं. रकाने मात्र हे हवेत: मूल काय बोललं, हाताने काय केलं, कुठे पाहिलं, मोठ्यांनी काय मदत केली, तांत्रिक बिघाड कोणता.

पहिले दोन रकाने वेगळे ठेवण्याला कारण आहे. गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्याची जी तत्त्वं मांडली, त्यांत शब्दांचा ठरलेला क्रम हे एक आणि प्रत्येक वस्तूला एकच शब्द हे दुसरं. मूल एकात पक्कं आणि दुसऱ्यात कच्चं असू शकतं. शिवाय हे दोन रकाने एकमेकांचे साक्षीदार आहेत. स्पर्श आठ आणि शब्द सात असतील तर आधी ध्वनिफीत तपासा, तुम्ही त्या क्षणी बोललात का ते पाहा, मुलाकडे मग या.

उत्तर नसण्याचे तीन प्रकार कधीही एकत्र करू नका: मुलाने उत्तर दिलं नाही, आपल्याला ऐकू आलं नाही, आपल्याला दिसलं नाही. पहिलं मुलाबद्दल सांगतं, उरलेली दोन आपल्या मांडणीबद्दल. शेवटच्या दोन प्रकारांना 'चूक' मानायचं नाही, 'बरोबर' मानायचं नाही, ती फेरी हरवली असं लिहायचं. किती फेऱ्या हरवल्या तर सत्र बाद, हा आकडा पहिलं सत्र घेण्याआधी ठरवा. आम्ही चारपैकी एक ही हद्द ठेवतो. नंतर ठरवलात तर आवडती सत्रं वाचवण्याचा मोह होतो.

मुलाने जुळवलेला अनोळखी शब्दही 'ऐकू आलं नाही'मध्ये ढकलू नका. अठ्ठावीसनंतर एखादं मूल 'नव्वीस' म्हणतं. हा आवाजाचा घोटाळा वाटतो, पण वेगळ्या ध्वनिफितीत तोच शब्द दोनदा सापडला तर मुलाने नियम लावून शब्द घडवला आहे. असा शब्द कानावर पडला तसाच लिहा.

रेकॉर्डिंगचा निदान एक पंचमांश भाग दुसऱ्या व्यक्तीने, पहिलीच्या नोंदी न पाहता नोंदवावा आणि दोघांचं किती जुळतं ते काढावं. कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कप्पा' (kappa) हा जुळणी मोजणारा आकडा त्यासाठी नेहमी वापरला जातो. तो सगळ्या रकान्यांचा एकत्र काढू नका. 'मोठ्यांची मदत' या रकान्यात दोघांचं सगळ्यात कमी जुळतं, कारण भुवई उंचावणं ही मदत की नुसतं आश्चर्य यावर वाद होतो. तो वाद नियमपुस्तिकेत उदाहरणासह मिटवा आणि जुन्या फाइली नव्या नियमाने पुन्हा पाहा.

अहवालात पद्धतीच्या भागात एवढं न वगळता द्या: मुलाकडे कोणती उपकरणं होती (फोनच्या पडद्यावर आणि लॅपटॉपवर तेच ठिपके सारखे दिसत नाहीत), किती फेऱ्या आवाजामुळे आणि किती चित्रामुळे हरवल्या, पालकांनी किती वेळा मदत केली आणि त्या फेऱ्यांचं तुम्ही काय केलंत. काही मुलांना प्रत्यक्ष भेटला असाल आणि काहींना कॉलवर, तर त्यांचे आकडे आधी वेगवेगळे मांडा.